देवाची इच्छा ओळखायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रार्थना संपल्यावर खुर्च्या आवरताना, रात्री उशिरा आलेल्या फोनवर, कधी अंत्यविधीहून परतताना, असे हे प्रश्न मला विचारले गेले आहेत. काही तर मीच मोठ्यांना विचारलेले आहेत. उत्तरं ख्रिस्ती विश्वासाच्या चौकटीतली आहेत. वचनांचे संदर्भ दिले आहेत ते माझ्यावर विश्वास ठेवण्याऐवजी स्वतः उघडून पाहावेत म्हणून. पहिल्यापासून वाचलंच पाहिजे असं नाही. ज्या प्रश्नाने झोप उडवली असेल तिथून सुरुवात करा.

"देवाची इच्छा" म्हणजे नेमकं काय?

एकाच शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो, घोळ तिथून सुरू होतो. देव जगाचा कारभार कसा चालवतो, ही एक. ती आपल्याला आधी कळत नाही. मागे वळून पाहिलं की थोडीफार दिसते, कधी तीही नाही. गुप्त गोष्टी देवाच्या आहेत आणि प्रकट केलेल्या आपल्या, असं अनुवाद २९:२९ सांगतं. आपण कसं जगावं याविषयी त्याने स्पष्ट सांगून ठेवलेलं आहे, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे "मी ही नोकरी घेऊ की ती?"

लोक विचारतात तिसरीबद्दल. शास्त्र, म्हणजे बायबल, सगळ्यात जास्त बोलतं दुसरीबद्दल. "देवाची इच्छा ही आहे" अशा सरळ शब्दांत जिथे सांगितलंय, त्या जागा एकदा काढून बघा. १ थेस्सलनीका ४:३ मध्ये पवित्र जगणं आणि जारकर्मापासून दूर राहणं आहे. त्याच पत्रात ५:१८ ला सर्व परिस्थितीत आभार मानणं आहे. १ पेत्र २:१५ मध्ये चांगलं वागून निर्बुद्धांच्या अज्ञानी बडबडीला गप्प करणं आहे. देव काय मागतो ते सांगणाऱ्या मीखा ६:८ मध्ये न्यायाने वागणं, दया प्रिय मानणं आणि देवासोबत नम्रपणे चालणं आहे. कोणती शाखा निवडावी, कुठे राहावं, यातलं काहीच नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा माझा थोडा हिरमोडच झाला होता. मला पत्ता हवा होता आणि हातात आली वागणूक.

प्रत्येक निर्णयाला देवाच्या मनात एकच बरोबर उत्तर असतं का?

मला तसं वाटत नाही. आयुष्य ही बहुपर्यायी प्रश्नपत्रिका आहे, एक गोल चुकला की पुढचं सगळं चुकलं, अशी धास्ती घेऊन जगणारी माणसं मी पाहिली आहेत. ती कुठलाच गोल भरत नाहीत.

एदेन बागेतली पहिली सूचनाच पाहा. बागेतल्या वाटेल त्या झाडाचं फळ खा, फक्त एक सोडून. आज आंबट खाऊ की गोड, हे आदामाने विचारायला जायचं नव्हतं. पुढे प्रेषित पौल विधवांना सांगतो की लग्न करायचं असेल तर तिला हव्या त्या माणसाशी करायला ती मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये असावं (१ करिंथ ७:३९). "हव्या त्या" हे शब्द त्यानेच वापरलेत. अथेन्समध्ये एकटं राहून तीमथ्याला पुढे पाठवायचा निर्णय त्याने कसा घेतला? तसं करणं बरं वाटलं म्हणून (१ थेस्सलनीका ३:१). ना दर्शन, ना वाणी.

याचा अर्थ देव कधीच नेमकं बोलावत नाही असा नाही. मोशेला बोलावलं, शौलाला (पुढे हाच पौल झाला) रस्त्यात गाठलं. पण एक लक्षात घ्या, त्यातलं कुणी आपल्या भावी वाटचालीचं मार्गदर्शन शोधत बसलं नव्हतं. एक मेंढरं चारत होता आणि दुसरा विश्वासणाऱ्यांना पकडायला निघाला होता. देवाला खास काही सांगायचं असतं तेव्हा तो आपल्याला शोधून काढतो, असा माझा अनुभव आणि वाचन दोन्ही सांगतात.

मग रोजच्या लहानसहान गोष्टींतही देवाला विचारायचं की नाही?

बोला जरूर, सगळ्याबद्दल बोला. पण प्रत्येक गोष्टीत आदेश आल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवू नका. मुलाला वाढवणारे आईबाप त्याने विसाव्या वर्षीही "आज कोणता सदरा घालू?" असं विचारावं म्हणून त्याला वाढवत नाहीत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. चुकीची निवड केली म्हणून देव शिक्षा करील या भीतीने तुम्ही तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत असाल, दारातून परत फिरत असाल, साध्या खरेदीलाही तासभर लागत असेल, तर हा विश्वास कमी असल्याचा प्रकार नाही. याला वैद्यकीय नाव आहे, उपचारही आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. प्रार्थना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, हे चालतं का?

ही सवय फार जुनी आहे, आणि तिला विरोधही तितकाच जुना. सन ५०६ मध्ये आग्दे इथे भरलेल्या धर्मपरिषदेने अशा प्रकारे शास्त्रातून कौल काढण्याला बंदी घातली होती. समर्थन करणारे हमखास ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरूचं नाव घेतात. सन ३८६ मध्ये मिलान इथल्या बागेत त्याला लहान मुलाच्या आवाजात "घे, वाच" असं ऐकू आलं. त्याने पौलाची पत्रं उघडली आणि नजर रोमकरांस १३:१३-१४ वर पडली. खरं आहे. पण ती पत्रं तो आधीपासून वाचत होता, आणि त्याला नवीन माहिती नको होती. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, पाऊल उचलवत नव्हतं. बोट पडलं ते याच माहीत असलेल्या गोष्टीवर.

संदर्भ सोडून वचन उचललं की काय होतं, याचं सगळ्यात लाडकं उदाहरण यिर्मया २९:११. "तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत" हे वचन भिंतीवर असतं, कपावर असतं, वाढदिवसाच्या शुभेच्छांत असतं. त्याच्या आधीचं दहावं वचन भिंतीवर कुणी लावत नाही. तिथे सत्तर वर्षं सांगितली आहेत. पत्र बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं मागा, कारण इतक्यात सुटका नाही. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाणारच नव्हते. वचन दिलासा देणारंच आहे, पण "येत्या महिन्यात काम होईल" असा त्याचा अर्थ नाही.

वचन रोज, सलग, धडा धरून वाचा. स्तोत्र ११९:१०५ मध्ये वचनाला पावलांचा दिवा म्हटलंय. त्या काळातला दिवा म्हणजे तळहातावर मावणारं मातीचं भांडं, थोडं तेल आणि एक वात. त्यात पुढचं एक पाऊल दिसतं, फार तर दोन. रस्त्याचा शेवट दाखवणारा झोत त्या काळी कुणाच्या कल्पनेतही नव्हता.

देवाकडे चिन्ह मागावं का? गिदोनाने तर लोकर ठेवली होती.

गिदोनाची गोष्ट पूर्ण वाचा (शास्ते ६). लोकर ठेवण्याआधीच देवाने त्याला काय करायचं ते सांगितलं होतं, सोबत राहण्याचं वचन दिलं होतं आणि खडकातून अग्नी काढून खूणही दाखवली होती. तरी त्याने खूण म्हणून रात्री जमिनीवर लोकर ठेवली. एकदा दवाने लोकर ओली, जमीन कोरडी, मग उलट. दुसऱ्या वेळी तो स्वतःच म्हणतो, माझ्यावर रागावू नकोस. आपण काय करतोय ते त्याला कळत होतं. देवाने ते सांभाळून घेतलं, ही देवाची दया. तिला पद्धत बनवायची गरज नाही.

उत्पत्ती २४ मध्ये अब्राहामाच्या मुलासाठी वधू शोधायला निघालेल्या सेवकाची खूण मला जास्त शहाणपणाची वाटते. जी मुलगी मला पाणी देईल आणि आपणहून उंटांनाही पाजीन म्हणेल, ती. त्याच्याकडे दहा उंट होते, लांबच्या प्रवासाने तहानलेले. परक्या माणसाच्या दहा उंटांना विहिरीतून पाणी काढून पाजायचं म्हणजे खांदे निघायची वेळ. म्हणजे त्याने मागितलेली खूण हीच स्वभावाची पारख होती. "पहिली जी निळ्या कपड्यात दिसेल ती" असं त्याने म्हटलं नाही.

चिठ्ठ्या टाकण्याबद्दल थोडक्यात: यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). लगेच पुढच्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर त्या पुस्तकात चिठ्ठ्या पुन्हा दिसत नाहीत. अठराव्या शतकात मोरावियन मंडळी लग्नंसुद्धा चिठ्ठ्यांवर ठरवत असत. पुढे त्यांनीच ते सोडून दिलं.

सगळं आपोआप जुळून येतंय, दार उघडलंय. हा देवाचा होकार ना?

असेलही. पण योनाची गोष्ट आठवा. देवाने निनवेला जा म्हटलं आणि तो उलट दिशेला पळाला. याफो बंदरात पोहोचला तर तार्शीशला जाणारं जहाज तयारच होतं. भाडं द्यायला पैसे होते. जागा होती. याहून उघडं दार कोणतं?

त्याहून अवघड उदाहरण दावीदाचं (१ शमुवेल २४). शौल त्याच्या जिवावर उठलेला. तीन हजार माणसं घेऊन शोधायला आलेला तो राजा एन-गेदीच्या ज्या गुहेत एकटा शिरला, तिच्याच आत दावीद लपलेला. सोबतची माणसं म्हणाली, परमेश्वराने सांगितला होता तो दिवस हाच! राज्य दावीदाला मिळणार हे देवाचंच वचन होतं. वचन, परिस्थिती आणि मित्रांचा सल्ला तिन्ही एका रेषेत. दावीदाने शौलाच्या वस्त्राचा काठ तेवढा कापला, आणि तेही त्याच्या मनाला लागलं. कारण देवाने अभिषेक केलेल्या राजावर हात टाकणं चूक आहे हे त्याला ठाऊक होतं. वेळ जुळली म्हणून चूक बरोबर होत नाही.

उलटही होतं. इफिसमध्ये मोठं दार उघडलंय आणि विरोधक पुष्कळ आहेत, असं पौल एका दमात लिहितो (१ करिंथ १६:९). म्हणजे अडचणी आल्या की दार बंद, असाही हिशोब नाही. आणि त्रोवसात दार उघडलेलं असूनही तो तिथून निघाला, कारण सहकारी तीत भेटला नाही म्हणून मनाला चैन नव्हतं (२ करिंथ २:१२-१३). त्याबद्दल त्याने माफी मागितलेली दिसत नाही.

माझं सांगतो. नोकरीसाठी प्रार्थना करत होतो आणि उपासाच्या तिसऱ्या दिवशी फोन आला. पगार हवा तेवढा, काम हवं ते. देवानेच दार उघडलं असं मी मंडळीत उभं राहून साक्ष दिली. चौदा महिन्यांनी पोटाचा विकार आणि घरात अबोला घेऊन तिथून बाहेर पडलो. नंतर जुनी वही काढली. निर्णयाच्या आठवड्यातलं पान दोन रकान्यांचं होतं. डावीकडे "घ्यावी" या बाजूचे मुद्दे निळ्या शाईत, ठळक. उजवीकडे तीन ओळी पेन्सिलीने, इतक्या बारीक की चष्म्याशिवाय वाचता येईनात. तिसरी ओळ होती, "मुलाखतीत साहेब हाताखालच्या माणसाशी फार वाईट बोलला." मी ते पाहिलं होतं. दार उघडल्याच्या आनंदात दाराआड काय आहे ते पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

मनाला शांती वाटली की समजावं का?

हा निकष सगळ्यात लोकप्रिय आहे आणि एकटा वापरला तर सगळ्यात फसवा. पुन्हा योनाच. वादळात खलाशी ओरडतायत, माल समुद्रात फेकतायत, आणि देवापासून पळणारा माणूस जहाजाच्या तळाशी गाढ झोपलाय. उलट गेथशेमाने बागेत जो पूर्णपणे पित्याच्या इच्छेत होता, त्या येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. त्या रात्री शांतीवरून निर्णय करायचा झाला असता तर वधस्तंभ टळला असता.

बऱ्याचदा आपण जिला शांती म्हणतो ती निव्वळ सुटका असते. अवघड संभाषण टळलं, हायसं वाटलं, आणि आपण त्याला आत्म्याचं मार्गदर्शन म्हणून मोकळे.

मग भावनांचा उपयोगच नाही का? आहे. याबाबतीत येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचं निरीक्षण मला फार उपयोगी पडलं. तो सैनिकी पेशातला. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शौर्यकथा मागितल्या, तर घरात मिळालं ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्नं पाही. एकात एका उच्चकुलीन स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा. दुसऱ्यात संतांसारखं कठोर आयुष्य जगायचं. दोन्ही पाहताना मजाच यायची. फरक नंतर पडायचा. पहिलं संपलं की मन कोरडं, असमाधानी. दुसरं संपलं तरी आनंद मागे राहायचा. गोड पदार्थ आणि पोटभर अन्न यांत जसा फरक दोन तासांनी कळतो, तसं. तेव्हा त्या क्षणी काय वाटतंय ते पाहूच नका. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी काय उरतं ते पाहा.

त्याचा दुसरा नियम मी भिंतीवर लावायला तयार आहे: मन खचलेलं असताना, शांत मनाने आधी केलेला निर्णय बदलू नये. प्रार्थना कोरडी, देव लांब, सगळं व्यर्थ वाटतंय, अशा रात्री राजीनामे लिहू नयेत. साखरपुडे मोडू नयेत. (मारहाण किंवा धोका असेल तिथे हा नियम लागू नाही. तिथून आधी बाहेर पडा, पारख नंतर करा.)

देवाचा आवाज कोणता आणि माझ्या मनाचा कोणता, हे कसं कळावं?

लहानग्या शमुवेलालाही कळलं नव्हतं. देवाची तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो याजक एलीकडे धावला (१ शमुवेल ३). शिवाय ज्याने त्याला मार्ग दाखवला, त्या एलीचं स्वतःचं घर फारसं धड नव्हतं. ओळखायला वेळ लागतो, आणि ओळखायला मदत करणारा माणूस परिपूर्ण असतोच असं नाही.

मी काही गोष्टी तपासतो. तो विचार शास्त्रातल्या स्पष्ट शिकवणीच्या विरुद्ध असेल तर विषय संपला; "देवाने मला विवाहाबाहेरचं प्रेम दिलं" असं सांगणारेही भेटलेत मला. त्या विचारात येशूच्या स्वभावाचा वास येतो का? तो मला दोषाची नेमकी जागा दाखवून उठवतो, की "तू कामाचाच नाहीस" असं मोघम बोलून आडवा पाडतो? आणि घाई आहे का? "आत्ताच्या आत्ता, कुणाला न सांगता" असं जे म्हणतं त्यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. आणि वचन उद्धृत झालं म्हणजे आवाज देवाचाच, असं तर मुळीच नाही. मत्तय ४ मध्ये सैतान स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो.

खरोखर कानांनी आवाज ऐकू येत असतील, ते स्वतःला किंवा इतरांना इजा करायला सांगत असतील, तर आजच डॉक्टरकडे जा, घरच्यांना सांगा. हे लपवायचं पाप नव्हे, आजार आहे.

कुणी येऊन म्हणालं, "देवाने मला तुझ्याविषयी सांगितलंय", तर?

ऐकून घ्या, आभार माना आणि पारखा. तुमचा निर्णय त्यांना देऊन टाकू नका.

१ राजे १३ मध्ये एका देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: इथे खाऊ-पिऊ नकोस. बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा येऊन म्हणाला, मलाही देवदूताने सांगितलं, माझ्या घरी जेवायला चल. तो खोटं बोलत होता. गेलेला माणूस जिवाला मुकला. आणि खोटं बोलणाराच नव्हे, चांगला माणूसही चुकतो. दावीदाने मंदिर बांधायचं मनात आणलं तेव्हा नाथान संदेष्टा म्हणाला, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने नाथानाला परत पाठवलं: तू बांधू नकोस म्हणून सांग (२ शमुवेल ७). नाथानाने दुसऱ्या दिवशी जाऊन आपलंच बोलणं फिरवलं. असं आपलं बोलणं मागे घेणारा संदेष्टा मला विश्वासाचा वाटतो.

"देवाने सांगितलंय, तू माझ्याशी लग्न करायचं" असं म्हणणाऱ्याला एकच उत्तर पुरे आहे: मग तो मलाही सांगेल, तोपर्यंत नाही. हेच वाक्य तुमच्या पैशांबद्दल, घराबद्दल किंवा शरीराबद्दल कुणी अधिकारावरचा माणूस बोलत असेल आणि प्रश्न विचारल्यास "देवाला विरोध करतोस" म्हणत असेल, तर तिथून निघा आणि विश्वासातल्या माणसाला लगेच सांगा.

सल्ला कुणाचा घ्यावा?

बहुत सल्लागार असले की बेत सिद्धीस जातात असं नीतिसूत्रे १५:२२ म्हणतं. पण शलमोनाचा मुलगा रहबाम राजाकडेही सल्लागार होते. वडीलधाऱ्यांनी लोकांचं ओझं हलकं कर म्हटलं, ते त्याला रुचलं नाही. मग तो आपल्यासोबत वाढलेल्या पोरांकडे गेला, आणि राज्याचे दोन तुकडे झाले (१ राजे १२). आवडणारं उत्तर मिळेपर्यंत माणसं बदलत जाणं म्हणजे सल्ला घेणं नव्हे.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्याभोवती चारपाच जण बसतात. कुणीही सल्ला द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, तेही ज्यांचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही असे. मध्ये बराच वेळ शांतता. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा, "तुला असं नाही वाटत का की..." हे वाक्य किती वेळा ओठांवर येतं ते कळेल.

आमच्या प्रार्थनागटातल्या एका काकूंना ही पद्धत कुणी शिकवली नव्हती. एक जबाबदारी घ्यावी की नाही, यावर मी त्यांच्यासमोर अर्धा तास बोललो. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "नको म्हणालास तर कुणाचं तोंड आधी डोळ्यांसमोर येतं रे?" मला लगेच एक चेहरा दिसला. तो देवाचा नव्हता.

जोडीदार निवडताना देवाची इच्छा कशी ओळखायची?

जगात तुमच्यासाठी एकच व्यक्ती राखून ठेवलेली आहे, ही कल्पना प्रेमकथांतून आलेली आहे. शास्त्रात ती मला सापडत नाही. लग्नानंतर पहिलं मोठं भांडण झालं की तीच कल्पना कानात कुजबुजते, "चुकीच्या माणसाशी झालं वाटतं." समान विश्वास, स्वभाव, रागात माणूस कसा वागतो, पैशांबद्दल खरं बोलतो का, आपल्याहून दुबळ्याशी कसं बोलतो, हे पाहा. उंटांना पाणी कोण पाजतं ते पाहा. आणि तुमचं मन मान्य करत नसेल तर इतरांनी कितीही प्रार्थना करून होकार दिलेला असो, थांबा.

जे मला मनापासून आवडतं, ते देवाची इच्छा असू शकतं?

हो. सगळ्यात नकोसा पर्याय तोच देवाचा, असं धरून चालणारी माणसं देवाला फार कद्रू समजतात.

महिने झाले प्रार्थना करतोय, उत्तरच नाही. काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि सीला रोमी साम्राज्यातल्या आशिया प्रांतात वचन सांगायला जातात तर पवित्र आत्मा मना करतो. बिथुनियाकडे वळतात, तिथेही नकार. दोनदा "नाही" आणि "मग कुठे?" याला उत्तर नाही. चालत चालत समुद्रापाशी, त्रोवसात येतात. तिथे रात्री दर्शन होतं: एक मासेदोनियाचा माणूस विनंती करतोय, इकडे या. त्यानंतरचं वाक्य मला विशेष वाटतं. दर्शन एकट्या पौलाला झालं, पण अनुमान "आम्ही" काढलं. सगळ्यांनी मिळून तुकडे जुळवले. आणि पलीकडे गेल्यावर? दर्शनात पुरुष होता, फिलिप्पैत नदीकाठी भेटल्या त्या बायका. त्यांतली लुदिया आधी विश्वासात आली. त्यानंतर छड्यांचा मार आणि तुरुंग. बरोबर जागी पोहोचल्याची खूण अशीही असते.

पारसच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याने यरुशलेमच्या पडलेल्या भिंतींची बातमी किसलेव महिन्यात ऐकली आणि राजाशी बोलायची संधी आली निसान महिन्यात. सुमारे चार महिने. राजाने विचारलं, तुला काय हवंय? विचारणं आणि उत्तर देणं यांच्या मध्ये त्याने प्रार्थना केली (नहेम्या २:४), एका श्वासाइतकी. पण पुढे तो जे मागतो ते ऐका: किती मुदत लागेल, कोणकोणत्या सुभेदारांना पत्रं हवीत, लाकूड कुणाच्या ताब्यातल्या रानातून मिळेल. चार महिने तो गप्प बसला नव्हता, हिशोब मांडत होता. उत्तराची वाट पाहताना कोणती माहिती गोळा करता येईल, हा प्रश्न प्रार्थनेइतकाच आध्यात्मिक आहे.

माझा निर्णय चुकला. आता देवाची योजना हातची गेली का?

योना १ मध्ये परमेश्वराचं वचन योनाला प्राप्त झालं. योना ३ ची सुरुवात काय आहे? परमेश्वराचं वचन दुसऱ्यांदा योनाला प्राप्त झालं. मध्ये एक पळून जाणं, एक वादळ आणि एक मासा होऊन गेलाय, आणि काम तेच आहे.

परिणाम मात्र पुसले जात नाहीत. कर्ज फेडावं लागतं, दुखावलेल्याची क्षमा मागावी लागते, काही नाती परत येत नाहीत. माझ्या चौदा महिन्यांनी जे बिघडवलं ते सावरायला त्याहून जास्त दिवस लागले. देवाने मला त्या दिवसांत सोडलं नव्हतं एवढं मी सांगू शकतो. "त्यातूनच सगळं भलं झालं" असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आजार, अपघात, लेकराचा मृत्यू, ही देवाची इच्छा असते का?

दुःखात असलेल्याला हे वाक्य ऐकवू नका. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू आधी रडला (योहान ११:३५). जन्मांध माणसाला पाहून "कुणाच्या पापामुळे?" असं विचारणाऱ्या शिष्यांचा प्रश्नच त्याने बाजूला सारला (योहान ९). देवाच्या कारभारातलं कोडं आपल्याला उलगडत नाही. शेजारी बसता येतं, भांडी घासता येतात, औषधं आणून देता येतात. आणि औषधांवरून आठवलं: बरं होण्याचं वचन मिळालंय म्हणून गोळ्या थांबवू नका.

हे सगळं ठीक, पण मला आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. काय करू?

आधी समोरच्याला फोन करून उद्या दुपारपर्यंत वेळ मागा. निम्म्या मुदती मागितल्यावर वाढतात. वाढली नाही, तर कागद घ्या. या निवडीत काही उघड चूक आहे का, कुणाची फसवणूक, कुणाला दिलेला शब्द मोडणं? असेल तर नाही म्हणा. नसेल तर दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहा, एकाच पेनने, एकाच आकाराच्या अक्षरात. मग इग्नेशियसने सुचवलेली युक्ती: हाच पेच घेऊन एक अनोळखी माणूस तुमच्याकडे आलाय, त्याचं भलं व्हावं एवढंच तुम्हाला वाटतंय. त्याला काय सांगाल? ते लिहा. जो तुमची खुशामत करत नाही अशा एका माणसाला ते वाचून दाखवा.

पाच मिनिटं गप्प बसा. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" एवढं म्हणा, आणि म्हणताना कुठे अडखळता ते पाहा.

मग उत्तर कळवून टाका, जेवा आणि झोपा. सकाळी शंका येईलच. ती आली म्हणजे उत्तर चुकलं असं समजून लगेच दुसरा फोन लावू नका.